गेल्या वर्षीपेक्षा गोड

खोकं परत आलं ते बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास. हात्सुए इगाराशी पडवीत बसून पर्सिमनची तुरट फळं सुकायला टांगायच्या काठ्या पुसत होती. यंदाची फळं सुकवून, निवडून, पाठवून झाली होती आणि काठ्या आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत माळ्यावर जायच्या होत्या. टपालाची गाडी फाटकाशी थांबली तसं तिला वाटलं, तेत्सुरोने काहीतरी पाठवलं असणार. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने इतकं भाबडं असू नये, पण मुलाच्या बाबतीत ती तशी होती आणि त्याला इलाज नव्हता.

टपालवाल्याने पडवीत ठेवलं ते तिचंच खोकं होतं. दोरी तिची, गाठ तिची, वर ठसठशीत अक्षरात लिहिलेला तोक्योचा पत्ताही तिचाच. त्या पत्त्यावर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली होती: या नावाची व्यक्ती या पत्त्यावर आढळली नाही, सबब पाठवणाऱ्यास परत. पाठवणाऱ्याच्या जागी तिने नेहमीप्रमाणे नवऱ्याचं नाव घातलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली होती, पण खोक्यावर घरच्या कर्त्याचंच नाव घालायचं ही रीत तिच्या हाताला सुटत नव्हती. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर न सापडलेल्या मुलाकडून ते नसलेल्या बापाकडे परत आलं होतं. टपालवाल्याने पोचपावतीवर सहीऐवजी घरच्या नावाचा शिक्का मागितला. तिने आतून आणून उमटवला.

मग तिने फोन काढला. तेत्सुरोचा शनिवारचा निरोप त्यात जसाच्या तसा होता: ‘फळं पोचली. यंदाची गेल्या वर्षीपेक्षा गोड आहेत. थंडीत जप.’

तिने तो निरोप तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मान वर करून खोक्याकडे पाहिलं. एक तर खोकं खोटं होतं, नाहीतर निरोप. तिने खोकं खोटं ठरवलं. टपालवाल्यांनी घोळ घातला असणार, दुसऱ्या कुणाचं खोकं तेत्सुरोला गेलं असणार आणि त्याचं इथे आलं असणार. पण गाठ तर तिची होती. मग काय झालं असेल, हे तिने विचारात घेतलंच नाही. आई लोकांना हे छान जमतं.

नुसती फळं असती तर तिने चार दिवस कुढून सोडून दिलं असतं. पण खोक्याच्या तळाशी, फळांच्या दोन थरांखाली, मंदिराचा एक कागद होता. इगाराशी घराण्याची समाधी डोंगराच्या पायथ्याशी, मंदिराच्या आवारात आहे. नऊ पिढ्यांची हाडं तिथे आहेत. नवऱ्याच्या माघारी ती समाधी कोण सांभाळणार, त्याचं नाव, सही आणि शिक्का मंदिराला हवा होता. जानेवारीत नवऱ्याचं श्राद्ध होतं, त्याच्या आत. नाव आलं नाही तर हात्सुएनंतर समाधी मोडायची आणि हाडं सगळ्या बेवारस हाडांबरोबर एका खड्ड्यात ठेवायची, असा आता नियम झाला होता. पुजाऱ्याने तो फार मऊ आवाजात सांगितला होता, त्यामुळे तो अधिकच वाईट वाटला.

तो कागद तिने काही न बोलता फळांखाली सरकवला होता. सोबत चिठ्ठी: सही करून पाठव. शनिवारी तेत्सुरोचा निरोप आला, त्यात कागदाचा उल्लेख नव्हता. नाही म्हणाला नाही म्हणजे हो म्हणाला, असा तिने हिशेब लावला आणि रविवारी सकाळी मंदिरात जाऊन पुजाऱ्याला सांगूनही आली की कागद पोचला, मुलगा सही करतोय. पुजाऱ्याने तिला चहा दिला होता.

नातवंडाची बाबागाडी ढकलावी तशी म्हाताऱ्या बायका जी ढकलगाडी घेऊन हिंडतात, तिच्यावर तिने खोकं बांधलं आणि बर्फाच्या दोन भिंतींमधून टपाल कार्यालय गाठलं. जाण्याआधी पितरांच्या देव्हाऱ्याचा खण उघडून जुन्या पावत्यांची चळत घेतली. तेत्सुरोला पाठवलेल्या प्रत्येक खोक्याची पावती ती नवऱ्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवत असे.

गावचं टपाल कार्यालय म्हणजे एक खिडकी, एक शेगडी आणि पोस्टमास्तर कुरोसाका. तो तिच्या मुलीबरोबर शाळेत होता. लहानपणी तिच्या झाडाची फळं चोरायला यायचा आणि तिच्या हातचा मारही त्याने खाल्ला होता. त्यामुळे ती त्याच्याशी तशाच आवाजात बोलली. एवढं मोठं खातं, एवढ्या गाड्या, आणि एक साधं खोकं पोचवता येत नाही म्हणजे काय? हेच खोकं आत्ताच्या आत्ता पुन्हा पाठवायचं, त्याच पत्त्यावर.

कुरोसाकाने चिठ्ठी वाचली आणि पुन्हा पाठवलं तर पुन्हा परत येईल, असं सांगितलं. तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. हे बघ, माझा मुलगा म्हणतोय फळं पोचली. त्याने निरोप वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“काकू,” तो म्हणाला, “माणूस घर बदलतो तेव्हा टपालात एक अर्ज देतो. मग जुन्या पत्त्यावर आलेलं सगळं वर्षभर आपोआप नव्या पत्त्यावर जातं. पाठवणाऱ्याला काही कळत नाही. वर्ष संपलं की अर्ज पुन्हा द्यायचा. नाही दिला तर असं परत येतं.”

“त्याने घर बदललेलं नाही.”

“बरं.”

“बदललं असतं तर मला सांगितलं असतं.”

कुरोसाका पुन्हा बरं म्हणाला. त्याच्या त्या बरं म्हणण्यानेच ती भडकली. तिने चष्म्याची डबी उघडून वरची पावती खिडकीवर आपटली. ऑक्टोबरातल्या नव्या तांदळाची होती. हे बघ, हा तांदूळ याच पत्त्यावर पोचला, त्याचा निरोप आहे माझ्याकडे. पावतीवर नंबर आहे ना? मग बघ तुझ्या यंत्रात आणि मला वाचून दाखव, कुठे पोचला ते.

तो चाचरला. पण पावती तिची होती आणि नंबर विचारण्याचा हक्कही. त्याने नंबर घातला आणि पडद्यावरच्या ओळी एकेक करून वाचायला लागला. सहा ऑक्टोबर, आपल्याकडून निघालं. आठ ऑक्टोबर, तोक्यो. तिने विजयी मुद्रेने मान हलवली. आठ ऑक्टोबर, तोक्योहून पुढे रवाना. दहा ऑक्टोबर, पोचतं केलं, ओनोदा...

तिथे तो अडखळला. पण ओनोदा हे नाव तोंडातून निघून गेलं होतं. ओनोदा म्हणजे डोंगराच्या पलीकडचं गाव. बसने चाळीस मिनिटं. तिथे एक शाळा आहे, एक वृद्धाश्रम आहे आणि त्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी मिसाओ आहे. मिसाओ म्हणजे हात्सुएची मुलगी, तेत्सुरोपेक्षा तीन वर्षांनी मोठी.

हात्सुएने पावती डबीत ठेवली, डबी मिटली आणि ढकलगाडी वळवली. पाठीमागून कुरोसाका म्हणत होता, काकू, बस आता एक वाजेपर्यंत नाही, आत शेगडीपाशी बसा. ती बाहेर थांब्यावर जाऊन बसली. थंडीपेक्षा त्याच्या नजरेचा तिला जास्त त्रास होत होता.

लेकीच्या घरी ती सहा वर्षांत गेली नव्हती. जायची गरजच पडली नव्हती, कारण मिसाओच येत असे. दर बुधवारी सुटीच्या दिवशी यायची, छपरावरचा बर्फ उतरवायची, औषधं भरून ठेवायची. नोव्हेंबरात तर सलग आठ दिवस यायची. शिडीवर चढून फळं उतरवायची, पडवीत बसून तीनशे फळं सोलायची, आणि त्या तुरट चिकाने तिची बोटं महिनाभर काळी राहायची. पाहुण्यांना जेवण वाढताना ती हात लपवते, असं तिचा नवरा एकदा हसत म्हणाला होता. पुढे चाळीस दिवस हात्सुए ती फळं उन्हात फिरवायची, बोटांनी चोळायची, पांढरी साखर वर येईपर्यंत. मग निवडायची. बिनडागाची, सारख्या आकाराची, मऊ फळं तेत्सुरोच्या खोक्यात. फाटलेली, काळे ठिपके पडलेली, काठीवरून खाली पडलेली कागदाच्या पिशवीत मिसाओला. घरातल्या माणसाला काय, कसलीही चालतात. हे सांगताना हात्सुएला कधी वाईट वाटलं नव्हतं. मुलगी दुसऱ्या घरची झाली होती. तिचं आडनाव होंमा होतं, तिची समाधी होंमांची होती. झाड इगाराशींचं होतं.

मिसाओने दार उघडलं. अंगात कोट होता, हातात गाडीची किल्ली. ती आईकडेच निघाली होती. आईला दारात पाहून ती घाबरली, मग तिने ढकलगाडीवरचं खोकं पाहिलं आणि घाबरणं थांबलं. ती नुसती बाजूला झाली.

आत, चपला काढायच्या जागेला लागून एक फळी होती. तिच्यावर तीन रिकामी खोकी एकावर एक ठेवलेली होती. तिन्हींवर हात्सुएचं ठसठशीत अक्षर, आणि प्रत्येक पत्त्यावर एक पिवळी पट्टी, ओनोदाचा पत्ता छापलेली. दोऱ्या कापल्या नव्हत्या, सोडवून, गुंडाळून खोक्यात ठेवल्या होत्या. दोरी कापायची नाही, सोडवायची, हे हात्सुएनेच तिला शिकवलं होतं. हात्सुए त्या खोक्यांसमोर उभी राहिली आणि तिने आयुष्यभर लेकीवर जसा चढवला तसाच आवाज चढवला.

“माझ्या मुलाचं टपाल तू अडवलंस.”

“मी नाही अडवलं. त्यानेच अर्ज दिला, स्वतःच्या सहीने. माझा पत्ता घातला आणि नंतर मला फोन केला.”

मग मिसाओने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. गेल्या वर्षी नोव्हेंबरात तेत्सुरोने तोक्यो सोडलं. तो आता पार दक्षिणेला, क्यूशूत असतो. घर आहे, नोकरी आहे, बरा आहे. पत्ता तिलाही दिलेला नाही. ताई, तुझ्याकडे माझं टपाल येईल, आईचं काही आलं तर ठेवून घे आणि मला कळव, मी तिला निरोप टाकीन, एवढंच म्हणाला. का, तर वडिलांच्या अंत्यविधीच्या जेवणात आईने सगळ्या नातलगांसमोर जाहीर केलं होतं की तेत्सुरो आता परत येणार, घर, शेत, समाधी सगळं बघणार. त्याला कुणी विचारलं नव्हतं. चाळीस माणसं त्याच्याकडे वळून माना डोलवत होती आणि तो तोंडातला घास गिळत होता. त्या दिवशीच त्याने ठरवलं असावं. तोंडावर नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती, तेवढी कधीच नव्हती, म्हणून त्याने टपाल खात्याचा आधार घेतला.

“आणि तू मूग गिळून बसलीस. दर बुधवारी माझ्यासमोर बसून.”

“तू मला काही विचारलंस कधी? तू माझ्याजवळ त्याच्याबद्दल बोलतेस, आई. मला विचारत काही नाहीस.”

हात्सुएने दुसरंच विचारलं. शनिवारचा निरोप कसा आला, फळं तर कुणालाच पोचली नव्हती. मिसाओ म्हणाली, तू गुरुवारी पाठवली असं त्याला फोनवर कळवलंस ना? दोन दिवसांत पोचतात हे त्याला पाठ आहे. माझ्या निरोपाची वाट न बघता त्याने परस्पर टाकला असेल. अर्जाचं वर्ष संपलंय हे त्याच्या ध्यानात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. शनिवारपासून चार दिवस मी दाराकडे बघत होते.

“तू कशाला बघत होतीस?”

मिसाओ आत जाऊन बसली आणि आईसाठी बसायला गादी सरकवली. बोलायला लागली ती खालच्या आवाजात, फळीकडे बघत.

“गेल्या वर्षीची आली तेव्हा मी त्याला विचारलं, तुझा पत्ता दे, पुढे पाठवते. म्हणाला, नको, इथे कुणी खात नाही, तूच खा. दोन दिवस मी खोकं उघडलं नाही. मग उघडलं. मी उतरवलेली, मी सोललेली फळं, तोक्योला जाऊन माझ्याच दारात आली होती. एकावरही डाग नव्हता. त्रेपन्न वर्षांची आहे मी. तशी फळं मी त्याआधी कधी खाल्ली नव्हती.”

“मागितली असतीस तर दिली असती.”

“नसती दिलीस.”

दोघींनाही ते ठाऊक होतं. बाहेर शेजाऱ्याच्या छपरावरून बर्फाचा लगदा घसरून पडला आणि पुन्हा शांत झालं. हात्सुएने खोकं पुढे ओढलं. गाठ सोडवायला तिला वेळ लागला, बोटं गारठली होती. दोरी गुंडाळून तिने बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं. सहा दिवसांच्या प्रवासात काही फळं दबली होती, दोनतीन कडेला फुटली होती. बाकीची पांढऱ्या साखरेखाली जशी ठेवली होती तशी होती.

ती एकेक फळ काढून चटईवरच्या कागदावर ठेवायला लागली. मनात तिच्या दुसरंच होतं, तळाच्या कागदाचा विचार चालला होता. पहिला थर संपला तेव्हा तिचं लक्ष गेलं. दोन ढीग झाले होते. चांगली फळं तिच्या गुडघ्यापाशी आणि फुटलेली, दबलेली मिसाओच्या पुढ्यात. हातांनी आपलं काम केलं होतं. मिसाओही त्याच ढिगाकडे बघत होती. ती रागावली असती तर हात्सुएला सोपं गेलं असतं, पण ती नुसती थकलेली दिसत होती.

हात्सुएने घाईघाईने दुसरा थर उपसला आणि तळाचा कागद बाहेर काढला. त्याची घडी नीट केली आणि तो मिसाओच्या पुढ्यात, त्या फुटक्या फळांच्या शेजारीच ठेवला.

“मग आता तूच सही कर,” ती म्हणाली. “होंमा असलीस तरी चालतं म्हणे हल्ली. पुजारी म्हणत होता, मुलगीही चालते.”

“कधी म्हणाला?”

“उन्हाळ्यात.”

“उन्हाळ्यात म्हणाला, आणि तू कागद तोक्योला पाठवलास.”

मिसाओने कागद उचलला आणि वाचला. वाचताना तिचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे. नाव, नातं, सही, शिक्का. शिक्का समोरच्या खणात होता, उठून दोन पावलं. हात्सुएने त्या खणाकडे पाहिलंही. पुजाऱ्याला काय सांगायचं ते तिने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं: मुलगा फार कामात आहे, म्हणून तूर्तास मुलीचं नाव.

“तूर्तासच,” ती बोलूनही गेली. “तेत्सुरोचं मन वळेपर्यंत.”

मिसाओने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि खोक्याच्या तळाशी ठेवली. मग चांगली फळं हलक्या हाताने उचलून त्यावर रचायला लागली.

“आई, बर्फ मी उतरवीन,” ती म्हणाली. “औषधं आणीन. पुढच्या वर्षी सोलायलाही येईन, तू असेपर्यंत येत राहीन. डागी फळं मी आजवर घेतली, हीसुद्धा ठेवून घेते. पण त्याने नाकारलेली समाधी मी घेणार नाही. तू उन्हाळ्यात मागितली असतीस तर घेतली असती. तेव्हा मी फार आनंदाने घेतली असती.”

हात्सुएने खूप काही बोलायचा प्रयत्न केला. कोणी कोणाला वाढवलं, बापाची हाडं उघड्यावर पडतील, लोक काय म्हणतील. मिसाओ ऐकत होती आणि दोरी बांधत होती. शेवटची गाठ तिने हुबेहूब हात्सुएसारखीच मारली. मग कोटाचा खिसा चाचपला, किल्ली काढली आणि अंधारायच्या आत घाट ओलांडायला हवा, असं म्हणाली.

गाडीत चाळीस मिनिटं खोकं हात्सुएच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर मिसाओने ते पडवीत ठेवलं, ढकलगाडी उतरवली, फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ फावड्याने बाजूला केला. नेहमीचं सगळं केलं. आत चहाला मात्र आली नाही. पुढच्या बुधवारी येते, एवढंच म्हणाली.

गाडीचा आवाज वळणावर गेला तेव्हा हात्सुए पडवीतच बसली होती. तिने गाठ सोडवली आणि वरचं एक फळ काढलं. मोठं, मऊ, कुठे डाग नाही असं. या घरात येऊन पंचावन्न वर्षं झाली होती, पण पहिल्या निवडीचं फळ तिने स्वतः कधी खाल्लं नव्हतं. आधी सासऱ्यासाठी, मग नवऱ्यासाठी, मग तेत्सुरोसाठी. ती स्वतः उरलीसुरली खायची आणि त्यातली बरी वाटतील ती मिसाओला द्यायची.

तिने चावा घेतला. फळ खूप गोड होतं, मुलाने लिहिलं होतं तसंच. गेल्या वर्षीपेक्षा गोड होतं की नाही, ते सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते आत्ताच गाडी वळवून निघून गेलं होतं.